प्रसिद्ध व्यक्तींच्या मुलांची असाधारण नावे : एका वादाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

इंग्लंड-अमेरिकेतील नट-नट्या, गायक आणि अलीकडे उद्योगपती आपल्या मुलांना जी नावे ठेवतात, ती गेल्या अर्धशतकात सार्वजनिक कुतूहलाचा आणि पुष्कळदा टवाळीचा विषय झाली आहेत. अभिनेत्री ग्विनेथ पॅल्ट्रो आणि गायक ख्रिस मार्टिन यांनी २००४ साली जन्मलेल्या मुलीचे नाव 'ॲपल' ठेवले. निकोलस केज याने २००५ साली मुलाला सुपरमॅनचे जन्मनाव, म्हणजे 'कॅल-एल', दिले. जेसन ली या नटाच्या मुलाचे नाव 'पायलट इन्स्पेक्टर' आहे. आणि २०२० साली इलॉन मस्क व गायिका ग्राइम्स यांनी मुलासाठी जे नाव जाहीर केले, त्यात सुटी अक्षरे, लॅटिन लिपीतील एक जोडाक्षर आणि १२ हा आकडा होता. अशा नावांच्या बातम्या येतात आणि विरतात. परंतु त्यांच्यामागच्या प्रश्नाचा विचार समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र व विधिशास्त्र यांतील अभ्यासकांनी गंभीरपणे केला आहे, तसाच तो नामविद्येनेही, म्हणजे व्यक्तिनामे व स्थलनामे यांच्या पद्धतशीर अभ्यासाने, केला आहे. या सर्वांच्या निष्कर्षांत एकवाक्यता नाही.

एकवाक्यता नसण्याचे एक कारण असे की, 'प्रसिद्ध लोक अशी नावे का ठेवतात' या एका वाक्यात निरनिराळे प्रश्न मिसळलेले असतात. ही नावे खरोखरच इतरांच्या मुलांच्या नावांपेक्षा अधिक विरळ असतात का, असतील तर त्यामागचे हेतू कोणते, समाज त्यांचे अनुकरण करतो का, आणि ज्या मुलाला ते नाव आयुष्यभर वागवायचे असते त्याचे काय होते, हे प्रश्न वेगळे असून त्यांची उत्तरे देणारी साधनेही वेगळी आहेत. शिवाय 'असाधारण' या विशेषणाचे दोन अर्थ एकमेकांत गुंततात. पहिला अर्थ संख्यात्मक आहे : ज्या नावाची माणसे फार थोडी, ते विरळ नाव. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाकडील जन्मनावांच्या याद्या १८८० सालापासूनच्या असून त्यांत वर्षाला किमान पाच मुलांना मिळालेले प्रत्येक नाव आढळते, त्यामुळे विरळपणा मोजता येतो. दुसरा अर्थ श्रोत्याच्या अपेक्षाभंगाचा आहे : फळाचे, दिशेचे किंवा शहराचे नाव माणसाला दिलेले ऐकून जे अवघडल्यासारखे होते, ते नाव चमत्कारिक. विरळ नाव चमत्कारिक असतेच असे नाही. अभिनेत्री डेमी मूर आणि ब्रूस विलिस यांची १९८८ साली जन्मलेली मुलगी 'रूमर' हिचे नाव, नारायणगंज येथे बालपण घालवलेल्या आणि भारतावर अनेक कादंबऱ्या लिहिणाऱ्या रूमर गॉडन या ब्रिटिश लेखिकेवरून घेतलेले आहे. ते विरळ खरे, पण त्याला वाङ्मयीन वंशावळ आहे.

पूर्वपीठिका

इंग्रजी भाषक समाजात नावांची निवड दीर्घकाळ फार अरुंद होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील साधारण पाचांपैकी एका पुरुषाचे नाव जॉन होते आणि मेरी या नावाचे प्रमाण स्त्रियांमध्ये त्याहूनही थोडे अधिक होते. मूल कोणाचे आहे, कोणत्या आजोबांच्या किंवा संताच्या स्मरणार्थ त्याचे नाव ठेवले आहे, हे सांगणे हे नावाचे काम होते; मुलाला इतरांपासून वेगळे दाखवणे हे नव्हते. या चौकटीला पहिला मोठा छेद दिला तो सतराव्या शतकातील प्युरिटन पंथीयांनी, म्हणजे चर्चमधील कर्मकांड नाकारून बायबलनिष्ठ जीवन जगू पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांनी. 'प्रेझ-गॉड' असे नाव धारण करणाऱ्या बेअरबोन या लंडनच्या कातडे-व्यापाऱ्यावरून १६५३ सालच्या अल्पजीवी संसदेला नाव पडले, हे त्याचे सुपरिचित उदाहरण होय. विचित्र नावाचा संबंध तेव्हा कीर्तीशी नसून श्रद्धेशी होता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. कारण वेगळे नाव म्हणजे आत्मप्रदर्शन हे समीकरण अलीकडचे आहे.

चित्रपटसृष्टीचा आरंभकाळ तर आजच्या नेमका उलट होता. हॉलिवुडमधील स्टुडिओंनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलावंतांची मूळ नावे बदलून त्यांना सोपी, ओळखीची आणि अँग्लो-सॅक्सन वळणाची नावे दिली : आर्चिबाल्ड लीच याचा केरी ग्रँट झाला, बर्नार्ड श्वार्ट्झ याचा टोनी कर्टिस झाला. ज्या व्यवसायात वांशिक खूण दाखवणारे नाव पुसून टाकावे लागे, त्या व्यवसायातील माणसे मुलांची नावे लक्षवेधी ठेवण्याच्या फंदात पडणे कठीणच होते. तथापि याच व्यवसायात नावाच्या एकमेवपणाला व्यावहारिक किंमतही आली. नटांच्या संघटनेचा नियम असा की, दोन सभासदांना एकच व्यावसायिक नाव वापरता येत नाही. मायकेल डग्लस हे जन्मनाव असलेल्या दुसऱ्या नटाला म्हणूनच मायकेल कीटन व्हावे लागले. नाव दुसऱ्या कोणाचे नसावे ही जाणीव या वर्गात सर्वसामान्यांच्या कितीतरी आधी रुजली होती.

वळण आले ते १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि त्याचे उगमस्थान चित्रपटापेक्षा संगीत होते. रूढ कौटुंबिक, धार्मिक आणि राजकीय चालीरीती झुगारणाऱ्या त्या काळच्या तरुणांच्या चळवळीत नामकरण हाही विद्रोहाचा भाग बनला. संगीतकार फ्रँक झापा याने १९६७ साली जन्मलेल्या मुलीचे नाव 'मून युनिट' ठेवले आणि १९६९ साली जन्मलेल्या मुलाचे 'ड्वीझिल'. दुसरे नाव नोंदवून घेण्यास इस्पितळाने नकार दिल्यामुळे कागदोपत्री त्याची नोंद झापाच्या वादक मित्रांच्या नावांवरून इयन डोनाल्ड कॅल्विन युक्लिड अशी झाली, आणि आपले 'खरे' नाव कागदावर नाही हे कळल्यावर मुलानेच धरलेल्या हट्टामुळे पाच वर्षांच्या सुमारास ते कायदेशीररीत्या 'ड्वीझिल' असे करण्यात आले. गिटारवादक कीथ रिचर्ड्स याच्या १९७२ साली जन्मलेल्या मुलीच्या 'डँडेलियन' या नावाला कॅथलिक इस्पितळाच्या आग्रहावरून 'अँजेला' हे 'व्यवस्थित' नाव जोडण्यात आले, आणि पुढे तिने तेच वापरले. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन याने १९७८ साली जन्मलेल्या मुलाचे 'धनी' हे नाव सप्तकातील धैवत आणि निषाद या स्वरांवरून ठेवले. यात दिखाऊपणा शोधणे अन्यायाचे ठरेल, कारण पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकलेल्या त्या वादकाची भारतीय संगीतावरील निष्ठा त्याच्या साऱ्या उत्तरायुष्यात दिसते.

याच काळातील फिनिक्स या अभिनेत्यांच्या कुटुंबाचे उदाहरण अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहावे असे आहे. रिव्हर, रेन, लिबर्टी आणि समर अशी नावे असलेल्या भावंडांत एकट्याचे नाव वाकीन असे रूढ स्पॅनिश वळणाचे होते. लहानपणी त्याने स्वतःहून 'लीफ' हे नाव घेतले, काही वर्षे त्याच नावाने अभिनय केला आणि पुढे तो जन्मनावाकडे परतला. म्हणजे एका घरातल्या चालीत रूढ नावच वेगळे पडले आणि मुलाला वेगळेपणा नकोसा झाला.

१९८०नंतर या प्रथेचे सामाजिक स्थान पालटले. बॉब गेल्डॉफ आणि पॉला येट्स यांच्या मुलींची फिफी ट्रिक्सीबेल, पीचेस आणि पिक्सी ही नावे, डेव्हिड व व्हिक्टोरिया बेकहॅम यांच्या मुलांची ब्रुकलिन, रोमिओ, क्रूझ आणि हार्पर सेव्हन ही नावे, तसेच किम कार्डाशियन व कान्ये वेस्ट यांच्या मुलांची नॉर्थ, सेंट, शिकागो आणि साम ही नावे यांमागे विद्रोहाचा उच्चार राहिलेला नाही. प्रस्थापितांच्या विरोधात सुरू झालेली चाल प्रस्थापितांचीच झाली, आणि कारणमीमांसेचा वाद येथूनच सुरू होतो.

कारणमीमांसा : मुख्य भूमिका

पहिली भूमिका आविष्काराची आहे. कलावंत हा नवनिर्मितीवर जगणारा माणूस असल्याने अपत्याचे नाव हीही त्याला एक निर्मिती वाटते, आणि जो गाण्याला किंवा पात्राला रूढ नाव देत नाही तो मुलालाही देणार नाही, असे तिचे म्हणणे आहे. स्वतः पालक जे खुलासे देतात ते बहुधा या भूमिकेला दुजोरा देणारे असतात. पॅल्ट्रो हिने मुलाखतीत 'ॲपल' या नावाची गोडी, निर्मळपणा आणि त्यातील बायबलची छाया यांचा उल्लेख केला होता. या भूमिकेची मर्यादा अशी की, निर्मितीशी संबंध नसलेल्या प्रसिद्ध व्यक्ती, उदाहरणार्थ खेळाडू आणि उद्योगपती, तेच का करतात याचे उत्तर तिच्यात नाही, आणि अतिशय प्रतिभावान अशा असंख्य कलावंतांनी मुलांना साधी नावे का दिली याचेही नाही.

दुसरी भूमिका सामाजिक दर्जाची असून सैद्धांतिक दृष्ट्या ती सर्वांत संपन्न आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली सांपत्तिक वर्गाच्या दिखाऊ उपभोगाचे विवेचन केले आणि गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी फॅशनची गती समजावून दिली : वरचा वर्ग वेगळेपणासाठी काहीतरी स्वीकारतो, खालचा त्याचे अनुकरण करतो, आणि मग वरचा वर्ग ते सोडून पुढे सरकतो. मात्र नाव विकत घ्यावे लागत नाही, ते कोणीही ठेवू शकतो. मग त्यातून दर्जा कसा दिसावा? याचे उत्तर सामाजिक मानसशास्त्रातून मिळते. एडविन हॉलंडर याने १९५८ साली मांडलेल्या कल्पनेनुसार ज्याने गटात प्रतिष्ठा मिळवली आहे त्याच्या खात्यावर नियमभंगाची एक प्रकारची पत साठते, आणि ती खर्च करून तो रूढीविरुद्ध वागला तरी त्याची प्रतिष्ठा घटत नाही. सिल्व्हिया बेलेझा, फ्रान्चेस्का जिनो आणि अनत कायनन यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याची पुढची पायरी दाखवली : मिलान शहरातील महागड्या दुकानांमधील विक्रेत्यांना व्यायामाच्या कपड्यांत आलेली स्त्री नटूनथटून आलेल्या स्त्रीपेक्षा अधिक संपन्न वाटली. अट एकच, की नियमभंग जाणूनबुजून केलेला आहे असे पाहणाऱ्याला वाटले पाहिजे. या सिद्धान्ताला 'लाल बुटांचा परिणाम' असे म्हटले जाते.

या दृष्टीने पाहता असाधारण नाव दर्जा निर्माण करत नाही, तर तो आधीच असल्याचे दाखवते. कारकुनाच्या मुलाचे नाव 'पायलट इन्स्पेक्टर' असेल तर शाळाप्रवेशापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत प्रत्येक ठिकाणी त्याची किंमत मोजावी लागेल. नटाच्या मुलाला ती मोजावी लागत नाही, कारण त्याच्या वतीने आडनाव बोलते. हेतूंपेक्षा किंमतीकडे पाहणारे हे स्पष्टीकरण इतरांहून अधिक पटण्यासारखे आहे, कारण ते सर्व व्यवसायांतील प्रसिद्धांना लागू पडते आणि पालकांच्या मनात काय होते याविषयी काहीच गृहीत धरत नाही. पुष्कळ सामान्य पालकांनाही वेगळे नाव आवडत असेल. ते ठेवण्याची मुभा मात्र सर्वांना सारखी नसते.

तिसरी भूमिका बाजारपेठेची आहे. प्रसिद्ध व्यक्तीचे नाव हे व्यापारचिन्ह असते आणि मुलाचे नाव हा त्याचा विस्तार, असे मानणारे अभ्यासक बियॉन्से व जे-झी यांच्या २०१२ साली जन्मलेल्या 'ब्लू आयव्ही' या मुलीचे उदाहरण देतात. जन्मानंतर काही आठवड्यांतच मातेच्या कंपनीने त्या नावाच्या व्यापारचिन्हासाठी अर्ज केला, याच नावाने समारंभ-नियोजनाचा व्यवसाय करणाऱ्या बॉस्टन येथील उद्योजिकेने त्याला हरकत घेतली, आणि २०२० साली अमेरिकेच्या व्यापारचिन्ह न्यायमंडळाने ती हरकत फेटाळली. त्याआधीच्या काही वर्षांत नियतकालिकांनी नवजात बालकांच्या छायाचित्रांसाठी प्रचंड रकमा मोजल्या. अँजेलिना जोली आणि ब्रॅड पिट यांच्या जुळ्या मुलांच्या छायाचित्रांसाठी २००८ साली सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर दिले गेल्याचे वृत्त होते, आणि ती रक्कम धर्मादाय कामासाठी होती. तथापि या पुराव्याचा उलट अर्थही तितकाच संभवतो. मुलीच्या नावावर दुसऱ्या कोणी धंदा करू नये म्हणून आपण अर्ज केला, असे जे-झी याने सांगितले आहे, आणि ज्यांच्या अपत्याच्या नावाची वस्तू दुसऱ्याच दिवशी बाजारात येऊ शकते अशा पालकांच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अविश्वसनीय म्हणता येत नाही.

चौथी भूमिका प्रश्नाचा रोखच बदलते. जीन ट्वेंगी आणि तिचे सहकारी यांनी २०१० साली १८८० ते २००७ या काळातील अमेरिकन नावांचा अभ्यास प्रसिद्ध करून दाखवले की, लोकप्रिय नावे ठेवण्याचे प्रमाण एकूण समाजातच विसाव्या शतकाच्या मध्यानंतर घटत गेले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर सुमारे तीस टक्के मुलग्यांना पहिल्या दहा नावांपैकी एखादे मिळत असे. २००७ पर्यंत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आले. या अभ्यासकांनी त्याचा संबंध वाढत्या व्यक्तिवादाशी जोडला. स्टॅन्ली लीबरसन या समाजशास्त्रज्ञाने २००० सालच्या आपल्या ग्रंथात वेगळे म्हणणे मांडले होते : आवडीनिवडी बदलण्याला दर वेळी बाहेरचे सामाजिक कारण लागत नाही, फॅशनची स्वतःची अंतर्गत गती असते आणि थोडेसे नावीन्य हवे या ओढीनेच ती पुढे सरकते. दोहोंपैकी काहीही मानले तरी प्रसिद्ध लोक सर्वांच्याच वाटेवर चार पावले पुढे आहेत एवढेच उरते, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र कारण शोधण्याची गरज कमी होते.

पाचवी भूमिका संशयवाद्यांची आहे. जे सहज आठवते ते वारंवार घडते असे मानण्याकडे मनाचा कल असतो, हे ॲमोस त्व्हेर्स्की आणि डॅनियल काहनेमान यांनी १९७३ साली दाखवून दिले. 'ॲपल' सर्वांना आठवते; मेरिल स्ट्रीप हिची मुले हेन्री, ग्रेस आणि लुइसा, किंवा टॉम हँक्स याची मुले कॉलिन आणि एलिझाबेथ, कोणाला आठवत नाहीत, कारण त्यांची बातमी झाली नाही. मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन याने तर आपल्या पाचही मुलग्यांचे नाव जॉर्ज असेच ठेवले. हा आक्षेप मूलगामी आहे, कारण प्रसिद्ध पालकांचा एक प्रातिनिधिक गट घेऊन त्याच वयाच्या, त्याच शहरातील आणि तेवढ्याच उत्पन्नाच्या अप्रसिद्ध पालकांशी तुलना केल्याशिवाय मूळ गृहीतकच सिद्ध होत नाही. चर्चेचा बहुतेक भाग निवडक उदाहरणांवर उभा आहे.

अनुकरणाचा प्रश्न

हेतूंपेक्षा प्रसाराची बाजू मोजायला सोपी असल्याने तिच्यावर अधिक ठोस काम झाले आहे, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष लोकसमजुतीच्या विरुद्ध जातो. लीबरसन याने दाखवले की, ताऱ्यांमुळे नाव लोकप्रिय होते असे वाटते तेव्हा पुष्कळदा ते नाव आधीच वर चढत असते किंवा चढून गेलेले असते. मॅरिलिन मन्रो प्रसिद्धीला आली तेव्हा 'मॅरिलिन' हे नाव उतरणीला लागले होते. स्टीव्हन लेव्हिट आणि स्टीफन डब्नर यांनी २००५ साली असे प्रतिपादन केले की, पालक पडद्यावरच्या ताऱ्यांकडे पाहून नाव निवडत नाहीत, तर आपल्याहून किंचित सुस्थित अशा जवळपासच्या कुटुंबांकडे पाहून निवडतात. जोना बर्गर व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली आणखी सूक्ष्म यंत्रणा दाखवली : कॅट्रीना वादळानंतर त्याच्या आद्य ध्वनीने सुरू होणारी नावे सुमारे नऊ टक्क्यांनी वाढली, म्हणजे लोक नाव उचलत नाहीत, कानावर पडलेला ध्वनी उचलतात.

या निष्कर्षांच्या प्रकाशात दोन उदाहरणे शेजारी ठेवावीत. अँजेलिना जोली हिने २००२ साली दत्तक घेतलेल्या मुलाचे 'मॅडॉक्स' हे नाव लगेचच अमेरिकेतील पहिल्या हजार नावांत आले. 'ॲपल' कधीच आले नाही, वास्तविक दोन्ही मातांच्या कीर्तीत फार अंतर नव्हते. अखेरीस 'क्स' असणारी मुलग्यांची नावे त्या दशकात आवडू लागली होती, त्यामुळे 'मॅडॉक्स' चालत्या प्रवाहात पडले. कीर्ती नावाला कानापर्यंत पोचवते, पाळण्यापर्यंत पोचवत नाही.

मुलांवरील परिणाम

या वादाचे सर्वांत जिव्हाळ्याचे आणि सर्वांत उपेक्षित अंग मुलांचे आहे. १९४८ साली हार्वर्डच्या सुमारे ३३०० विद्यार्थ्यांविषयीच्या अभ्यासात विरळ नावांचे विद्यार्थी अनुत्तीर्ण होण्याचे किंवा त्यांच्यात मानसिक ताणाची लक्षणे दिसण्याचे प्रमाण अधिक आढळले, आणि पुढची अनेक वर्षे हे मत टिकून राहिले. डेव्हिड कॅलिस्ट आणि डॅनियल ली यांनी २००९ साली अल्पवयीन गुन्हेगारी आणि अप्रिय नावे यांचा सहसंबंध दाखवला, पण नाव हे कारण नसून प्रतिकूल कौटुंबिक परिस्थितीची खूण असावी, असे त्यांनीच बजावले.

नाव आणि परिस्थिती यांची फारकत करण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या विशिष्ट नावांबाबत झाला. मेरियन बर्ट्रँड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी २००४ साली बॉस्टन व शिकागो येथे सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवून दाखवले की, श्वेतवर्णीय वळणाच्या नावांना कृष्णवर्णीय वळणाच्या नावांपेक्षा पन्नास टक्के अधिक प्रतिसाद मिळतो. त्याच वर्षी रोलंड फ्रायर आणि लेव्हिट यांनी कॅलिफोर्नियातील जन्मनोंदींवरून असा निष्कर्ष काढला की, जन्मवेळची कौटुंबिक परिस्थिती हिशेबात घेतल्यावर अशा नावाचा पुढील आयुष्यावर स्वतंत्र अनिष्ट परिणाम दिसत नाही. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी पहिला दारात होणाऱ्या भेदभावाचा आहे आणि दुसरा आयुष्याच्या एकूण गोळाबेरजेचा. 'लकीशा' नावाच्या मुलीला जे नाव नोकरीच्या दारात अडवते, त्याहून कितीतरी विचित्र नाव कोट्यधीशाच्या मुलीला अडवत नाही, हे या वादातील सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य असून लाल बुटांच्या सिद्धान्ताशी ते नेमके जुळते.

स्वतः ही मुले काय करतात, याची काही उदाहरणे उपलब्ध आहेत. डेव्हिड बोवी याचे मूळ आडनाव जोन्स. मंकीज या वाद्यवृंदातील डेव्ही जोन्सशी गल्लत नको म्हणून त्याने बोवी हे नाव घेतले आणि १९७१ साली जन्मलेल्या मुलाला यमक साधणाऱ्या 'झोवी' या नावाने हाक मारली. त्या मुलाने मोठेपणी डंकन जोन्स हे नाव वापरले आणि २००९ सालच्या 'मून' या चित्रपटाचा दिग्दर्शक म्हणून त्याच साध्या नावाने स्वतःची कीर्ती मिळवली. ड्वीझिल झापा याने उलट आपले नाव अभिमानाने वागवले. २०१६च्या सुमारास कायदेशीर वाद उद्भवला तो कार्यक्रमांच्या शीर्षकात 'झापा' हे आडनाव वापरण्यावरून, आणि तोही कुटुंबाच्याच विश्वस्त संस्थेशी. मून झापा हिने २०२४ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले असून त्यात प्रसिद्ध पित्याच्या घरातील बालपणाचे ओझे नावापुरते मर्यादित नव्हते हे दिसते. समाजशास्त्रज्ञ डाल्टन कॉनली याने स्वतःच्या मुलांना 'ई' आणि 'यो' अशी नावे देऊन, चिडवणुकीला तोंड देता देता अशी मुले संयम शिकत असावीत, असे म्हटले आहे. हा तर्क विचारार्ह असला तरी ज्याने नाव ठेवले त्याच्याच तोंडून आलेला आहे.

कायद्याची भूमिका

नाव ठेवण्याचा अधिकार पालकांचा की त्यावर राज्याचा अंकुश असावा, याविषयी देशोदेशी भिन्न धोरणे आहेत. फ्रान्समध्ये १८०३ सालच्या कायद्याने पंचांगातील संतांची आणि प्राचीन इतिहासातील नावेच मान्य होती. १९९३ साली निवड मोकळी झाली, पण मुलाच्या हिताविरुद्ध असलेले नाव न्यायालयाकडे पाठवण्याची तरतूद राहिली आणि तिच्या आधारे 'न्युटेला' या नावाच्या जागी 'एला' ठेवावे असा निर्णय झाला. आइसलंडमध्ये नवी नावे तपासण्यासाठी समिती आहे. न्यूझीलंडमध्ये २००८ साली एका कौटुंबिक न्यायालयाने नऊ वर्षांच्या मुलीला हवाईच्या हुला नृत्याविषयीचे अख्खे वाक्य असलेल्या नावातून मुक्त करण्यासाठी तिला तात्पुरते आपल्या पालकत्वाखाली घेतले. ती मुलगी मैत्रिणींपासून आपले नाव लपवत असे.

अमेरिकेत हा अंकुश सैल आणि मुख्यतः लिपीपुरता आहे. मस्क-ग्राइम्स यांच्या मुलाच्या नावातील १२ या आकड्याऐवजी रोमन अक्षरे घ्यावी लागली, कारण कॅलिफोर्नियात तेव्हा जन्मनोंदीवर इंग्रजी वर्णमालेतील २६ अक्षरेच चालत. हा नियम विक्षिप्त श्रीमंतांना रोखण्यासाठी केलेला नाही, आणि त्याची खरी झळ स्पॅनिश भाषक कुटुंबांना बसली, कारण 'होसे'सारखे पिढ्यान्‌पिढ्यांचे नावही स्वरचिन्हासह नोंदवता येत नसे. त्या चिन्हांना परवानगी देणारे विधेयक २०१७ साली राज्यपालांनी नाकारले. विधिज्ञ कार्लटन लार्सन याने २०११ साली असे निर्बंध घटनेच्या कसोटीवर टिकणार नाहीत असे प्रतिपादन केले आहे.

भारतीय चित्रसृष्टी

हिंदी चित्रपटसृष्टीतही आधी नावे सपाट करण्याचा आणि मग वेगळी करण्याचा क्रम दिसतो. युसुफ खान यांचे दिलीपकुमार झाले आणि महजबीन बानो यांची मीनाकुमारी झाली. आजच्या पिढीत आदित्य चोप्रा आणि राणी मुखर्जी यांच्या मुलीचे 'आदिरा' किंवा शाहिद व मीरा कपूर यांच्या मुलीचे 'मीशा' अशी आईवडिलांच्या नावांतून घडवलेली नावे येतात, आणि रितेश व जिनिलिया देशमुख यांच्या घरी 'रियान' व 'राहिल' येतात. नावातून राजकीय निष्ठा व्यक्त करण्याचीही परंपरा आहे : तमिळ चित्रपटांचे पटकथाकार म्हणून तेव्हा गाजत असलेले करुणानिधी यांनी १९५३ साली मुलाचे नाव 'स्टालिन' ठेवले. २०१६ साली सैफ अली खान आणि करीना कपूर यांनी 'तैमूर' हे नाव ठेवल्यावर झालेला वाद मात्र विरळपणाचा नव्हता. पालकांच्या दृष्टीने ते जुने फार्सी परंपरेतील नाव होते आणि आक्षेप घेणाऱ्यांच्या दृष्टीने दिल्लीवरील आक्रमणाची आठवण.

पाश्चात्त्य सिद्धान्त येथे जसेच्या तसे लावण्यात एक अडचण आहे. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून महाराष्ट्रात दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवण्याची रीत होती. तिच्यामागे लक्ष वेधण्याची नव्हे, लक्ष टाळण्याची इच्छा होती. प्रसिद्धांच्या नावांचा येथील नामकरणावर होणारा प्रभाव पडताळून पाहता येत नाही, कारण अमेरिकेसारख्या वर्षवार नामसूची भारतात प्रसिद्ध होत नाहीत. जन्माची नोंद नावाशिवाय करता येते आणि नाव पंधरा वर्षांपर्यंत भरता येते, त्यामुळे महापालिकांच्या नोंदवह्यांतून अशी सूची तयार करणेही सोपे नाही.

अनिर्णित बाबी

प्रसार आणि परिणाम यांविषयी बरेच कळले असले तरी मूळ 'का'बद्दलचे ज्ञान त्या मानाने तोकडे आहे. पालकांचे खुलासे मुलाखतींतले, म्हणजे प्रसिद्धीच्या यंत्रणेतूनच आलेले असतात, आणि तुलनेसाठी प्रातिनिधिक गट घेतलेला नसल्याने संशयवाद्यांचा आक्षेप उभाच आहे. दर्जाचे स्पष्टीकरण पटण्यासारखे असले तरी ते प्रयोगशाळेत आणि दुकानांत तपासले गेले आहे, पाळण्याजवळ नव्हे. ब्रुकलिनसारखी नावे सामान्य घरांत रुळल्यावर प्रसिद्ध पालक रूढ नावांकडे वळतील काय? झिमेलच्या सिद्धान्तानुसार तसे व्हायला हवे. लीबरसनच्या मते अशी वळणे येतात, पण त्यांचा काळ वर्गस्पर्धा ठरवत नाही.

मुलांच्या बाजूने पाहण्याचे एक साधन मात्र आता हाती येऊ लागले आहे. कॅलिफोर्नियात नाव बदलण्याचा अर्ज केल्यास त्याची सूचना सामान्यतः वृत्तपत्रात द्यावी लागते, आणि २००० सालानंतरच्या दशकात जन्मलेली ही पिढी सज्ञान होत असल्याने तिचे निर्णय सार्वजनिक नोंदींत उमटत आहेत. अँजेलिना जोली आणि ब्रॅड पिट यांच्या शायलो या मुलीने २०२४ साली अठरा वर्षे पूर्ण होताच असा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. तिने वगळले ते 'पिट' हे आडनाव. 'शायलो' तिने ठेवले. ही पिढी नाव टाकते की आडनाव, हे अशा अर्जांची मोजणी झाल्यावर सांगता येईल, आणि किंमतीचे स्पष्टीकरण बरोबर असेल तर 'झोवी'सारखी उदाहरणे थोडी व 'शायलो'सारखी अधिक आढळायला हवीत.